सडलेल्या मोहाच्या शोधात

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी जिवाणू सांभाळते. लोक कुत्री-मांजरं पाळतात तसंच, फक्त माझ्या प्राण्यांना फिरायला न्यावं लागत नाही आणि ते पाहुण्यांच्या अंगावर धावून जात नाहीत. त्यांच्याकडून क जीवनसत्त्व करून घ्यायचं, हे माझं काम. औषधाच्या दुकानात मिळते ती चघळायची नारिंगी गोळी तुम्ही खाल्ली असेल. तिचा संत्र्याशी संबंध रंगापुरता. प्रत्यक्षात मक्याची साखर घ्यायची, तिचं सॉर्बिटॉल नावाचं गोड द्रावण करायचं आणि ते आमच्या जिवाणूला खायला घालायचं. तो त्याचं सॉर्बोज करून देतो. पुढचं काम दोन जिवाणूंची एक जोडी करते. त्यातला एक राबतो, दुसरा नुसता सोबतीला असतो, पण सोबत नसेल तर पहिला मन लावून काम करत नाही. अशी जोडी तुमच्याही कार्यालयात असेल. शेवटी थोडं रसायनशास्त्र, की गोळी तयार.

या सगळ्यात आमच्या पहिल्या जिवाणूची तक्रार एकच. त्याला उकाडा सोसत नाही. तीस अंशांच्या आसपास तो गुणी बाळासारखा वागतो, पारा वर गेला की संपावर जातो. आणि मोठ्या टाकीत हे लोक कामाला लागले की टाकी आपोआप तापते. म्हणजे त्यांनी काम करावं म्हणून त्यांच्या कामानं होणारी उष्णता आपण वीज जाळून घालवायची. जावयाचं कौतुक यापेक्षा स्वस्तात होतं.

यावर उपाय म्हणजे वाण सुधारणं. शब्द मोठा छान आहे. करायचं एवढंच, की जिवाणूंना अतिनील किरणांखाली धरायचं. बहुतेक मरतात, काही बिघडतात, आणि असंख्यांतला एखादा चुकून सुधारतो. तो शोधायला काचेच्या बशा तपासत बसायचं. आम्ही वर्षानुवर्षं बसलो. जिवाणू सुधारला, सॉर्बोज जास्त देऊ लागला, पण उकाड्याचं नाव काढलं की पुन्हा तोंड फिरवायचा. मग आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, ठरवलं की मुळात उन्हात वाढलेला त्याचा एखादा रानटी भाऊबंद शोधून आणावा आणि सुधारणेला पहिल्यापासून लागावं. हे जिवाणू फुलांत आणि पिकून गळालेल्या गोड फळांत राहतात. गोड फूल मोहाचं, कडक ऊन चंद्रपूरचं. सरांनी पडद्यावर नकाशा दाखवला, त्यावर एक लाल ठिपका होता. ठिपक्यावर जायला माझी निवड झाली, कारण सरांना रक्तदाब आहे.

या वर्षी काही हाती लागलं नाही तर प्रकल्प गुंडाळायचा, असं वरून आलं होतं. प्रकल्पाच्या घडीत मीही गुंडाळली जाणार होते, त्यामुळे निवडीबद्दल मी आनंद व्यक्त केला.

चंद्रपूर

मार्च संपत आला होता. बल्लारशाच्या गाडीतून चंद्रपूरला सकाळी उतरले तेव्हाच फलाटावरची हवा तव्यावरून आल्यासारखी होती. "हे काई नाई, मॅडम. गरमी अजून सुरू व्हाची आहे," असं मला न्यायला आलेले गजाननभाऊ म्हणाले. गजाननभाऊ म्हणजे भाड्याच्या गाडीचे मालक आणि चालक, पन्नाशीचे, शांत, आणि गालात कायम खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला इकडचा जीव की प्राण. त्यामुळे ते बोलत कमी आणि हुंकार जास्त देत.

माझ्याजवळ निर्जंतुक बाटल्या, चिमटे, स्पिरिटचा दिवा आणि एक थंड पेटी होती. पेटीवर मी मोठ्या अक्षरांत "जैविक नमुने, उघडू नये" असं लिहिलं होतं. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पुण्यात पोह्यांवर खोबरं पेरतात आणि आपण फार केलं असं मानतात. इथं पोह्यांवर चण्याची लाल तर्री ओततात आणि खाणाऱ्याकडे बघत उभे राहतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आल्यावर पोहेवाल्याचं समाधान झालं. परत गाडीशी आले तर गजाननभाऊ पेटी उघडून आत काहीतरी ठेवत होते.

"काय ठेवलंत?"

"खर्रा आहे, मॅडम. गरमीत वाळून जाते. तुमचे किडे तं अजून आले नाईत ना?"

 पुढचा सगळा प्रवास माझ्या पेटीत शास्त्राच्या आधी खर्रा गार होत राहिला.

गोंडपिपरी

बल्लारपूर मागे टाकून गोंडपिपरीच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला कापणी झालेली धानाची कोरडी शेतं, दुसऱ्या बाजूला पानगळ झालेलं जंगल, मध्येच पळस. मोहाची झाडं बांधाबांधावर होती. मी पहिल्याच झाडाशी गाडी थांबवली. झाडाखालची जमीन सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ. एक फूल नाही. दुसऱ्या झाडाखाली तेच. तिसऱ्या झाडाशी एक बाई टोपली भरून निघाली होती, तिला म्हटलं, "सडलेली फुलं मिळतील का?"

तिनं माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. "सडलेली काऊन? चांगली घेऊन जा ना."

"चांगली नकोत. सडलेलीच हवीत."

ती गजाननभाऊंना म्हणाली, "बाईची तब्येत बरी नाई का?"

सरांच्या नकाशात एक गोष्ट राहून गेली होती. मोह इथं सडतच नाही. हंगामाआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, पहाटे फुलं गळायला लागली की घरचं सगळं माणूस झाडाखाली असतं, आणि ऊन चढायच्या आत फुलं अंगणात वाळायला पडलेली असतात. एकही फूल वाया जात नाही. आम्ही कमालीच्या खात्रीनं जिथं नासाडी शोधायला आलो होतो, तिथं नासाडी करायची पद्धतच नव्हती. गोंडपिपरीच्या बाजारात वाळलेल्या मोहाची पोती होती. वाळलेल्यात आमचा जिवाणू टिकत नाही. एका व्यापाऱ्यानं माझी अडचण शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, भिजवून सडवून देऊ का? दोन दिवसांत पाहिजे तसा सडवतो." सरकारी कामाचा अनुभव असावा.

माझ्याकडे एका गावच्या ग्रामसभेशी आधीच बोलून ठरवलेली भेट होती. वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. जंगलातलं फूल असो की फुलातला जिवाणू, गावाला विचारल्याशिवाय नेता येत नाही, असा कायदा आहे. सरांनी हा कायदा "औपचारिकता" या एका शब्दात संपवला होता.

वैनगंगेपलीकडे

गावाचं नाव सांगत नाही. ती ग्रामसभेची पहिली अट. नाव छापलं तर उद्या आणखी दहा प्रयोगशाळा डबे घेऊन येतील, असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या लोकांना ओळखत असल्यामुळे मी वाद घातला नाही.

आष्टीचा पूल ओलांडून तासाभरानं पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गोटुलाच्या, म्हणजे गावानं एकत्र बसायच्या जागेच्या, मांडवाखाली माणसं जमली होती, बाया एका बाजूला पण बोलण्यात पुढे. "जोहार" म्हणून नमस्कार झाले. सभेचे अध्यक्ष सैनूभाऊ, साठीचे गोंड गृहस्थ, पांढरा सदरा, हातात मोबाईल. आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचं झाकण कुणी बदलायचं यावर अर्धा दिवस जातो आणि शेवटी बहुमत होतं, झाकण होत नाही. इथं बहुमत चालत नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं.

मी जिवाणू समजावून सांगितला. सैनूभाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमाले मोह नाई पाहिजे, मोहातला किडा पाहिजे."

"किडा नाही. डोळ्यांना न दिसणारा."

"दिसत नाई तं तुमी नेला का नाई नेला, हे आमाले कसं समजन?"

मी म्हटलं, "नेल्यावर काय झालं ते कळवीन."

मागून एक बाई म्हणाली, "आवळा आहे ना जंगलात. त्यातबी हेच राह्यते म्हनते. मंग गोळी काऊन?"

"आवळा थोडे महिने असतो," मी म्हटलं, "आणि पुण्याच्या लोकांना झाडावर चढता येत नाही." यावर हसू झालं आणि सभेला माझ्याबद्दल थोडा विश्वास वाटू लागला, असं मला वाटलं. खरं तर कीव असेल.

बऱ्याच बोलण्यानंतर ठरलं: काही निघालं तर त्यात गावाचा वाटा, आणि निघो वा न निघो, कळवायचं. सगळे हो म्हणाले. मग मी गोंडपिपरीतला अनुभव सांगून विचारलं, की सडलेला मोह मिळेल कुठं?

"इथी नाई भेटणार," ती आवळ्यावाली बाई म्हणाली. "आमी सडू देत नाई."

मग एक म्हातारा कुणाकडेही न बघता म्हणाला, "शेवंताच्या झाडाखाली असन."

ते झाड जंगलाच्या कडेला, गावापासून दूर होतं. मागच्या हंगामात शेवंताबाईचा नवरा मंगरू पहाटे तिथं फुलं वेचत होता. वाकून वेचणारा माणूस मागून जनावरासारखा दिसतो, असं मला नंतर वनरक्षकानं सांगितलं. वाघानं मंगरूला तिथंच धरलं. तेव्हापासून त्या झाडाखाली कुणी गेलं नव्हतं. दुसऱ्याच्या झाडाचा मोह कुणी वेचत नाही, तशी रीतच आहे, आणि जिचं झाड होतं तिला कुणी जाऊ देत नव्हतं.

म्हणजे आम्हाला हवा होता तसा मोह त्या पट्ट्यात एकाच ठिकाणी होता, आणि तो तिथं का होता ते आता मला कळलं होतं. मी पेन बंद केलं. सभेला म्हटलं, "राहू द्या. मी दुसरं काही बघते."

"झाड तिचं आहे," सैनूभाऊ म्हणाले. "नाई म्हनाचं असन तं ते म्हनन. तुमी काऊन म्हनता?"

शेवंताबाई

ती अंगणात शिंदीच्या पानांचे झाडू बांधत बसली होती. माझ्याच वयाची असावी, बारीक, आवाज मोठा. शेजारच्या सगळ्या अंगणांत मोह वाळत होता, हिच्याच अंगणात नव्हता. मी कशासाठी आले ते सैनूभाऊंनी सांगितलं. मी नेत्रांत योग्य ती सहानुभूती आणून उभी होते. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"सडला असन," ती म्हणाली. "मागच्या सालचाबी असन खाली. मी येतो संग."

इकडे बायाही "मी येतो", "मी जातो" असंच म्हणतात. मला ते ऐकायला बरं वाटलं, पण अर्थ ध्यानात आल्यावर मी घाबरले. तिचा दीर देविदास कुंपणाशी उभा होता, तिच्याहून लहान, रुंद खांद्यांचा. तो म्हणाला, "वयनी, नाई."

"काऊन नाई?"

"एक गेला तेवढा पुरे झाला."

"सारं गाव मोह वेचून राह्यलं आन मी झाडू बांधून राह्यलो. झाड माह्यं आहे. वाघाचं नाई."

"वाघाले कागद दाखवशीन का?"

मी मध्ये पडले. म्हटलं, शेवंताबाई, माझ्या कामासाठी तुम्ही जिवावर उदार होऊ नका, मी उद्या सकाळी परत जाते. हे बोलताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं. ते फार टिकलं नाही.

"तुमच्यासाठी कोन जाऊन राह्यलं, बाई?" ती म्हणाली. "एक साल झालं, मी म्हनतो जातो, हे म्हनतात नाई. आता पुण्याहून मानूस आला, सभा हो म्हनली, गार्ड संग येईन. असा मोका मले पुन्हा भेटन का? तुमी नाई म्हनसान तं हे लोक मलेबी नाई म्हनतीन. तुमी फकत संग या. तुमाले काई कराचं नाई."

थोडक्यात, मी तिचा नमुना न्यायला आले होते आणि ती मला निमित्त म्हणून नेणार होती.

तलावाच्या पाळीवर फोन लागतो असं कळलं, तिथं जाऊन सरांना फोन केला. सगळं सांगितलं. सर गंभीर झाले. "वाघ सध्या तिथं आहे का?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, सर."

"मग नक्की माहिती काढा. आणि नमुने चार अंशांना राहतील ना?" नंतर जरा थांबून म्हणाले, "निर्णय तुमचा तुम्ही घ्या. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त लेखी काही नको."

सरांचा पूर्ण विश्वास मिळाल्यावर मला नेहमी एकटं वाटतं. पाळीवर बसून मी खरंच विचार केला. एका गोळीचा भाव थोडा उतरावा म्हणून कुणी मरणाच्या झाडाखाली जावं का? नाही. पण ती गोळीसाठी जातच नव्हती. आणि मी गेले नाही तर तीही जाणार नाही, हे देविदासला बरं वाटलं असतं आणि तिला नाही. परत येऊन मी म्हटलं, येते. देविदास कुऱ्हाडीला धार लावायला बसला.

झाडाखाली

वनरक्षक सकाळी आला. त्यानं सांगितलं की ऊन चांगलं वर येईपर्यंत निघायचं नाही, एकट्यानं पाऊल टाकायचं नाही, गप्प राहायचं नाही. या शेवटच्या अटीसाठी मी अगदी योग्य होते. बारा-पंधरा माणसं निघाली, काठ्या, कुऱ्हाडी, आणि वाजवायला तेलाचे रिकामे डबे. गजाननभाऊ गाडीचं रक्षण करायला थांबले. गाडीला वाघापासून धोका होता असं त्यांचं मत.

वाटेत बाया मोठ्यानं बोलत होत्या, डबे वाजत होते. मला वाटलं होतं की जंगलात शिरताना एक गूढ शांतता वगैरे असेल. लग्नाची वरात चालली होती जणू. 

झाड मोठं होतं. इतर झाडांखाली जमीन जाळून लख्ख केलेली, इथं गुडघ्याएवढा पाचोळा. वर आज पहाटे गळलेली पिवळसर, रसरशीत फुलं, त्याखाली तपकिरी, आणि पाय रुतला तिथं काळा चिखल झालेला. वास आला. गूळ आणि शिरका एकत्र केल्यासारखा, आंबूस, उबदार. हा वास मी बाटल्यांतून वर्षानुवर्षं घेत आले आहे, पण तो एवढा मोठा, मोकळ्या हवेत, कधी घेतला नव्हता. मला विलक्षण आनंद झाला. मग मी कुठं उभी आहे ते आठवलं.

मी बाटली काढून वाकले, तोच देविदास पाठीमागून म्हणाला, "बाई, वाकू नका. बसा." त्यानं ते साध्या आवाजात सांगितलं. मी बसले. तो माझ्याकडे पाठ करून जंगलाकडे तोंड करून उभा राहिला. तिथून पुढे मी नमुने बसूनच घेतले.

तिसऱ्या की चौथ्या बाटलीला झुडपात धडधड झाली. डबे एकदम थांबले. मला नंतर सांगण्यात आलं की मी वनरक्षकाच्या पाठीवर चढण्याचा प्रयत्न केला. मला स्वतःला आठवतं ते एवढंच, की बाटलीचं निर्जंतुक झाकण माझ्या दातांत होतं. झुडपातून रानडुकरं निघाली, चार-पाच, आणि सरळ न पळता तिरकी पळाली. आंबलेला मोह खाऊन ती आमच्या आधीच सणाला बसली होती. वनरक्षक म्हणाला, "पिऊन आहेत साले," आणि मग सगळ्यांना हसू आवरेना. देविदाससुद्धा हसला. ती बाटली मला फेकून द्यावी लागली.

या गोंधळात शेवंताबाई झाडाच्या पलीकडे गेली होती. पाचोळा पायानं सारताना तिला टोपली लागली. बांबूची, अर्धी वाळवीनं खाल्लेली, बुड जवळजवळ गेलेलं. मंगरूची. तेव्हा माणसाला न्यायची घाई होती, टोपलीकडे कोण बघणार? तिच्यात काळं, घट्ट काहीतरी होतं. त्यानं वेचलेला मोह, आणि त्यावर वर्षभर जे पडलं ते.

ती टोपली घेऊन बसली. एका बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं राहू दिला. रडली नाही. मग तिनं ओंजळभर ताजी फुलं झाडाच्या बुंध्याशी ठेवली, गोंडीत काही म्हणाली, ते मला समजलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. उठून तिनं पदर खोचला आणि ताजा मोह वेचायला लागली. बसून, सरकत सरकत. हळूहळू बाकीच्या बायाही बसल्या, सगळा मोह तिच्या पदरात टाकू लागल्या. देविदासनं कुऱ्हाड वनरक्षकाकडे दिली आणि पायानं पाचोळा सारून जमीन मोकळी करायला घेतली.

माझ्या नजरेसमोर ती टोपली होती. शास्त्राच्या दृष्टीनं त्या झाडाखालची सर्वांत मोलाची गोष्ट तीच. पाचोळ्याखाली दबलेली, उबदार, वर्षभर आंबलेली. ती मला हवी होती आणि मागायची लाज वाटत होती. मी पाचोळ्यातल्याच बाटल्या भरून झाकणं लावली.

निघताना शेवंताबाईनं विचारलं, "टोपलीतला घेतला का?"

"नाही."

"काऊन? सडला तं सगळ्यात जास्त तोच." तिनं उरलेली रिकामी बाटली माझ्या हातातून घेतली, टोपलीत बोटं घालून काळा गोळा काढला आणि बाटलीत ढकलला. निर्जंतुक चिमटा माझ्या हातात तसाच राहिला. "घ्या," ती म्हणाली. "माह्या मानसानं वेचला आहे. कोनाच्या तरी कामी येऊ द्या."

दुपारी तिच्याकडे जेवलो. भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणि भाजलेला मोह. मोह खाल्ल्यावर तोंडात मनुका आणि धूर एकदम येतो. अंगणात तिचा मोह वाळत पडला होता, इतरांच्या मानानं थोडा. ती जेवताना दोनदा उठून त्यावरची कोंबडी हाकलून आली.

पुणे

परतीच्या वाटेवर पेटीतला बर्फ वितळला. आष्टीत बर्फ मिळाला नाही, गोंडपिपरीत गोळेवाल्याचा संपला होता. बाटल्या गजाननभाऊंच्या गाडीत चंद्रपूरपर्यंत शेकत आल्या. सरांना हे कळल्यावर ते हळहळले. माझं मत वेगळं होतं. जो जिवाणू त्या गाडीत टिकला, त्याची उष्णतेची वेगळी परीक्षा घ्यायची गरज नव्हती.

पाचोळ्यातल्या नमुन्यांतून आम्हाला हवे तसे काही निघाले. त्यातला एक आमच्या लाडावलेल्या जिवाणूला मरण आलं असतं अशा उष्णतेत खुशाल वाढला. सॉर्बोज मात्र फार थोडं देत होता. रानातला होता, त्याला राबायची सवय नव्हती. मग त्यालाही अतिनील किरणांखाली धरलं, पुन्हा बशांचे ढीग, पुन्हा मरणारे आणि बिघडणारे. पावसाळा संपता संपता एक सापडला, जो आधीच्यापेक्षा बराच जास्त देतो आणि उकाड्यालाही दाद देत नाही. टाकीत जाण्याइतका अजून नाही. पण प्रकल्प गुंडाळला गेला नाही, आणि मीही नाही. सरांनी पडद्यावर तो दाखवताना "क्षेत्रभेटीच्या काटेकोर नियोजनाचं फळ" असं म्हटलं. मी टाळ्या वाजवल्या.

टोपलीतल्या बाटलीतून काहीच निघालं नाही. नुसती बुरशी. मी तो नमुना पुन्हा पुन्हा लावून पाहिला, नियमापेक्षा जास्त वेळा. बुरशीच.

कळवायचं ठरलं होतं. सैनूभाऊंना सगळं सांगितलं, त्यांनी ते सभेत सांगितलं. टोपलीचं मात्र मी शेवंताबाईला स्वतः सांगायचं ठरवलं आणि देविदासच्या फोनवर तिला बोलावून घेतलं. काय बोलायचं याची मी तयारी केली होती. ती सगळी बाजूला राहिली आणि मी म्हटलं, "शेवंताबाई, टोपलीतल्यातून काही निघालं नाही."

पलीकडे तिनं आधी कोंबड्यांना हाकललं.

"त्यानं काई वेळेवर देल्लंच नाई कधी," ती म्हणाली. मग म्हणाली, "खालच्यातून निघालं म्हनते?"

"हो. चांगलं निघालं."

"मंग ते माह्या झाडाचं आहे."

"तुमच्याच झाडाचं आहे," मी म्हटलं.

सरांना त्याच झाडाखालचे आणखी नमुने पुढच्या हंगामात हवे होते. लोखंड तापलेलं आहे तोवर वगैरे ते म्हणाले होते. मी विचारलं, "येत्या मोहाला मी आले तर चालेल का? पुन्हा सडलेला लागेल."

"या ना, जेवाले या," शेवंताबाई म्हणाली. "पन सडलेला नाई भेटणार, बाई. देविदासनं खाली साफ करून ठेवलं. चार बाया संग येतो म्हनतात. मी एक फूल सडू देत नाई आता. तुमाले पाहिजे असन तं दुसरीकडं पाहा."

हे मी सरांना सांगितलं. ते फार नाराज झाले. नमुन्याची जागा हातची गेली, असं त्यांनी अहवालात लिहायला सांगितलं आणि कारण विचारलं. मी लिहिलं: फुलं वेचली जाऊ लागली आहेत.